जाग्या माणसाचं न ऐकणारे गुरुजी

मागच्या महिन्यात इंदापूरला एका लग्नाच्या पंगतीत बसले होते. समोरच्या रांगेत आमच्या जुन्या हेडगुरुजींचा विषय निघाला. "काय माणूस होता! झोपलेल्याच्या तोंडून खरं काढायचा," असं एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले आणि आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. एकानं तर हातातली जिलेबी पानात ठेवून आकाशाकडं बघत नमस्कार केला. माझा घास तोंडातच फिरायला लागला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं. पण चांगलं बोलायला ही मंडळी बसलीच आहेत. उरलेलं मी सांगते.

धान्याचं रेशनिंग नुकतंच उठलं होतं, तेव्हाची ही हकिकत. बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला, पाटाच्या कडेला एका वाडीत आमची दोन खोल्यांची शाळा होती. वरचे वर्ग गुरुजींकडं, बिगरी आणि पहिली माझ्याकडं. मी एकोणीस वर्षांची, सातवीची फायनल पास झालेली, बारामतीत वाढलेली. माझी आई सोबतीला शाळेमागच्या खोलीत राहायला आली, म्हणून घरच्यांनी मला नोकरी करू दिली. गुरुजी शाळेच्याच दुसऱ्या अंगाला एका आडव्या पडवीत एकटे राहायचे.

उंच, थोडे वाकलेले, धोतर घोट्याच्या बरंच वर, कानावर पेन्सिल. पायात कॅनव्हासचे बूट असायचे, आणि ते बूट बघून गुरुजी कुठं निघालेत ते ओळखता यायचं. झोपलेला माणूस वीस पावलांवर दिसला की बूट पायातून निघून काखेत जायचे. मग हा हेडमास्तर अनवाणी, दबकत, मांजर दुधाकडं जातं तसा त्या माणसाकडं जायचा आणि उशाशी उकिडवा बसून वाट बघायचा. लिंबाखाली आडवा झालेला गाडीवान असो, खळ्यावर वैरणीत लवंडलेला गडी असो, कीर्तनात पेंगणारे म्हातारबुवा असोत, गुरुजींना सगळे सारखेच.

त्यांची एक चारशे पानी वही होती. तिला खाकी कागदाचं कव्हर, आत रेघा मारून पाच रकाने. नाव, गाव, काय खाल्लं होतं, कोणत्या कुशीवर, आणि शेवटी झोपेतले शब्द. मुलांच्या हजेरीपटात खाडाखोड असायची, पण या वहीत एक ओरखडा चालायचा नाही. माझं अक्षर वळणदार म्हणून मी रुजू झाल्यावर महिन्याभरात ती वही पक्की करायचं काम माझ्याकडं आलं. मला तेव्हा त्यात मोठा मान वाटला.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "गुरुजी, माणूस झोपेत बोलतो तरी का?"

"सगळं अंग झोपतं, बाई," ते म्हणाले. "हात झोपतात, पाय झोपतात, अक्कल तर सगळ्यात आधी झोपते. जीभ तेवढी मागं राहते. तिच्यावर कुणाचा पहारा उरत नाही. म्हणून ती खरं बोलते."

मला हे फारच पटलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला काय पटत नाही?

वांगं खाल्लं की माणूस झोपेत भांडतो, उडदाची आमटी जास्त झाली की रडतो, डाव्या कुशीवर झोपलेला लांबलचक बोलतो, उताणा झोपलेला तुटक, असे त्यांचे ठाम सिद्धांत होते. ते कुणी खोडायला गेलं तर त्यांचं एकच उत्तर असायचं. "जाग्या माणसाचं मी ऐकत नाही." हे वाक्य ते कुठंही वापरायचे. पाटी मी फोडली नाही असं पोरगं रडत सांगायला लागलं तर, "जाग्या माणसाचं मी ऐकत नाही." मी आईच्या औषधासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर, "जाग्या माणसाचं मी ऐकत नाही, बाई," आणि वर हसू. लोकांना ते ऐकून मौज वाटायची. मलाही वाटायची, हे कबूल करते.

सुट्टीच्या दिवशी ते एस.टी.नं बारामती ते इंदापूर आणि त्याच गाडीनं परत असा प्रवास करायचे. इंदापूरला काही काम नसायचं. गाडीत माणसं पेंगतात, एवढंच काम. एकदा त्यांच्या शेजारी एक पैलवान बसला होता, मानेचा पत्ता नसलेला गडी. भिगवणच्या फाट्याच्या अलीकडं तो झोपला आणि बारीक आवाजात म्हणाला, "आई, मला नगं धाडू." गुरुजींनी लिहून घेतलं. पैलवान जागा झाला, तर हे त्याच्या कानाशी वही घेऊन विचारतायत, "कुठं धाडत होती आई? सकाळी काय खाल्लं होतं?" सगळी गाडी फिदीफिदी हसली. पैलवानानं यांना बखोटीला धरून अर्ध्या वाटेत उतरवलं. गुरुजी सहा मैल चालत आले आणि ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगितली. त्यांना ती विनोदी वाटत होती. त्या पैलवानाचं मग काय झालं, त्या गाडीत कोण कोण ओळखीचं होतं, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

त्यांचं नाव झालं ते एका घागरीमुळं. वाडीतल्या एका घरची तांब्याची घागर हरवली होती. कुणी नेली म्हणून घराघरांत संशय सुरू झाला. एका दुपारी त्या घरचा गडी झोपेत म्हणाला, "हिरीत हाय." गुरुजी उशाशी होतेच. विहिरीत गळ सोडला आणि घागर निघाली. आता पाणी शेंदताना घागर विहिरीत पडते, यात काय नवल? पण त्या दिवसापासून वाडीत गुरुजींचा शब्द म्हणजे देवाचा कौल झाला. बाया झोपेत बरळणारी पोरं घेऊन यायच्या. सोयरीक ठरवण्याआधी नवरदेव झोपेत काय बोलतो ते बघून सांगा, अशीही एकानं गळ घातली होती. माणूस विक्षिप्त असला तर माझी तक्रार नाही. आमच्या खात्यात सगळे शहाणे होते असंही नाही. पण चार माणसं हात जोडायला लागली की विक्षिप्तपणाला धार येते, आणि ती कुणाच्या तरी अंगावर चालते.

ती मंजुळेवर चालली.

शाळेला लागून आबांचा मळा होता. पाटाचं पाणी, वांगी, गवार, दोडका, सगळा माल बारामतीच्या बाजाराला जायचा. मंजुळा ही आबांची सून, लोणी भापकरची लेक. अंगानं काटकुळी, कामाला वाघ. तिची मुलगी कमळी पाच वर्षांची, माझ्या बिगरीत. कमळीच्या पाठीवर मंजुळेला मुलगा झाला होता. सहा महिन्यांचा असताना उन्हाळ्यात त्याला ताप भरला आणि तीन दिवसांत तो गेला. त्या वर्षी अशी पोरं घरोघरी गेली. पण हा आबांच्या घरातला पहिला नातू होता, आणि सासूला कुणावर तरी खापर फोडायचं होतं.

दोनेक महिन्यांनी सासू शाळेत आली. "गुरुजी, आमची सून दुपारची पडली की झोपंत कायबाय बडबडती. तुमी एकडाव ऐका."

गुरुजींच्या डोळ्यांत चमक आली, ती मी पाहिली. पण परक्या बाईच्या उशाशी ते जायचे नाहीत. केवढी सभ्यता! त्यांनी मला बरोबर घेतलं. मळ्याच्या बांधावर चिंचेखाली मंजुळा खुरपं उशाला घेऊन झोपली होती. गुरुजी दहा पावलांवर तिच्याकडं पाठ करून उभे राहिले, बूट काखेत. मी वही घेऊन जवळ बसले. झोपलेल्याच्या डाव्या पायाचा अंगठा चिमटीत धरून विचारलं की त्याला खोटं बोलता येत नाही, असं आमच्याकडं मानतात. सासूनं सुनेचा अंगठा धरला.

"विचारा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "लेकरू कशानं गेलं?"

सासूनं विचारलं. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा मंजुळेचे ओठ हलले आणि अगदी स्पष्ट शब्द आले. "म्याच मारलं. म्याच मारलं लेकराला."

मी ते लिहिलं. भाकरी आणि गवार, डावी कुशी, हेही लिहिलं. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी लावली.

त्याच संध्याकाळी आबांच्या ओट्यावर वाडीतली चार वडीलधारी माणसं बसली. गुरुजींनी वही उघडून वाचून दाखवली आणि म्हणाले, "बाईंचंच अक्षर आहे. विचारा त्यांना." मी म्हटलं, "हो, तसंच म्हणाली." मंजुळा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाय. मी झोपली व्हती. मी कशाला मारू माझ्या लेकराला?"

सगळ्यांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी वही मिटली आणि नेहमीचं वाक्य नेहमीच्याच सुरात म्हटलं. "जाग्या माणसाचं मी ऐकत नाही."

त्या वेळी कुणीही हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या भावाला निरोप गेला आणि मंजुळेची रवानगी लोणी भापकरला झाली. कमळीला ठेवून घेतलं. "हिला बी मारंल," असं सासूनं सांगितलं. तिचा नवरा बैलांना पाणी पाजत होता. तो पाणीच पाजत राहिला.

पंधरा दिवसांनी एका दुपारी कमळी डबा न घेता आली. मी तिला जवळ बसवून माझ्यातली अर्धी भाकरी दिली. जेवणाआधी श्लोक म्हणायचा, असं मी मुलांना शिकवलं होतं. म्हटलं, "म्हण आधी." पोरीनं हात जोडले, डोळे मिटले आणि घडाघडा म्हणाली, "म्याच मारलं. म्याच मारलं लेकराला." मग डोळे उघडून भाकरीला हात घातला.

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुनी न्हाय," कमळी म्हणाली. "आय रोज म्हनायची. आजी म्हनायची, आदी म्हन, मंग भाकरी देती. न्हाय म्हनलं तर आजी ताट उचलायची."

पोरीला वाटलं होतं, जेवणाआधी म्हणायचं ते हेच.

दोन महिने, दिवसातून दोनदा, त्या बाईकडून हे शब्द वदवून घेतले होते. मग ती झोपेत दुसरं काय बोलणार? मी तडक गुरुजींच्या वर्गात गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोर आहे ती. शिवाय जागेपणी सांगितलंय. वहीत कसं घेणार?" मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. हातात खडू होता, तो मी त्यांच्या टेबलावर आपटून फोडला. त्यांनी तुकडे गोळा करून खोक्यात ठेवले.

गुरुजी स्वतः झोपताना दाराला आतून कडी घालायचे. आपण झोपेत बोलत नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. पण त्यांची पडवी आणि माझा वर्ग यांच्यामध्ये नुसता कुडाचा आडोसा होता. अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर, शनिवारी, त्यांचा झोपेतला आवाज मी पूर्वीही ऐकला होता. दुसऱ्याचं खासगी ऐकू नये म्हणून मी दर वेळी उठून जायचे. या शनिवारी मी वही घेऊन कुडाच्या फटीशी टेकून बसले. सोमवारी सकाळी त्यांच्यासमोर वही उघडून ठेवली.

त्यांनी रकाने वाचले. गाव आमचंच. पिठलं-भाकरी. उजवी कुशी. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मला शिकवता येत नाही, साहेब. मला काही येत नाही.' नावाच्या रकान्यात त्यांचं नाव.

त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. "हे माझं नाही, बाई."

"तुम्हीच बोललात. सात वेळा बोललात. वही खोटं बोलते का?"

"अहो, हे माझं नाही," ते म्हणाले, आणि हेडमास्तरांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "मी नवा होतो. इंदापूरकडच्या एका शाळेत दिपोटी साहेब, शाळा तपासनीस, आले होते. एक हिशेब माझा फळ्यावर चुकला. त्यांनी मला पोरांसमोर उभं केलं आणि हे म्हणायला लावलं. मी किती वेळा म्हणतो ते पोरं मोजत होती. हे त्यांचे शब्द आहेत, बाई. माझ्या तोंडी घातलेले."

"मग मंजुळेच्या तोंडी कुणी घातले होते?" मी विचारलं.

ते उठले. बूट घातले आणि म्हणाले, "चला." हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, म्हणून सांगते. ते गेले. मी बरोबर गेले. आबा मळ्यात वांग्याच्या डालग्या भरत होते, सासू जवळच होती. गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं, "आबा, माझी चूक झाली. तुमची सून निर्दोष आहे. झोपेतले ते शब्द तिचे नव्हते. तिला परत आणा."

आबांनी त्यांच्याकडं मायेनं पाहिलं. "गुरुजी, तुमचं काळीज लोण्याचं हाय. पर आता तुमी जागं हाय."

"म्हणजे?"

"तुमीच सांगता न्हवं का, जागा मानूस जनाची भीड धरून बोलतंय? तुमाला बाईंनी भरीस घातलं आसंल. त्या दिशी वहीत आलं, त्येच खरं."

गुरुजींनी परोपरीनं सांगितलं. हात जोडले. सासू म्हणाली, "तुमच्या बोलन्यावर आमी सून धाडली, आता तुमचंच कसं मोडावं?" आणि तिनं त्यांना जाताना पाच वांगी दिली. ती हातात घेऊन हा माणूस पाटाच्या कडेनं माझ्यामागं चालत शाळेत आला. पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "बाई, आता काय करायचं?"

मला दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "आता तुम्ही काही करू नका. खूप केलंत."

पुढच्या बुधवारी शाळा भरल्यावर मी कमळीचा हात धरला आणि लोणी भापकरला तिच्या आईकडं जायला रस्त्यावर येऊन बारामतीची गाडी पकडली. मागं काय झालं ते आईनं नंतर सांगितलं. दुपारी आबा नातीला न्यायला आले, तेव्हा गुरुजी दारात आडवे उभे राहिले. "तिला देवी टोचून घ्यायला बारामतीला पाठवलंय. मीच पाठवलं," असं त्यांनी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. अंधार पडल्यावर आबा पुन्हा आले, तेव्हाही तेच सांगितलं. त्यांनी जागेपणी एवढी एकच धडधडीत थाप मारली असेल. तिच्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, पण हिशेब मिटला असं मला कधी वाटलं नाही. वही त्यांनी पाटात टाकली म्हणतात. वर्षभरानं त्यांची बदली इंदापूरच्या पलीकडं झाली, आणि त्या पंगतीतल्या टोपीवाल्याचं बोलणं ऐकता तिकडंही ते कुणाच्या तरी उशाशी बसलेच असणार.

कमळीला न्यायला तिचा बाप एकदा लोणी भापकरला येऊन गेला. मामानं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तेव्हा तो निघून गेला आणि पुन्हा आला नाही. पोरगी होती म्हणून. पोरगा असता तर सगळी वाडी गाड्या जुंपून आली असती. चैतात त्यानं दुसरी बायको केली. मंजुळेला घर परत मिळालं नाही. ते गेलं ते माझ्या वळणदार अक्षरात गेलं.

त्या बुधवारी बारामतीला गाडी बदलून, पुढं अडीच मैल चालत आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळत होती. त्या बाजूला पाट नाही, सगळं जिराईत. मंजुळा अंगणात बाजरी पाखडत होती. तिनं पोरीला पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि तिला छातीशी धरलं. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. मी म्हटलं, "मंजुळे, ते मी लिहिलं होतं. माझं चुकलं." ती म्हणाली, "पानी पेता का?" आणि मला पाणी आणून दिलं.

तिची आई मला बाजूला घेऊन सांगत होती. "दिसाची पाठ टेकत न्हाय, बाई. कितीबी दमू दे. रातच्याला पदराचा बोळा तोंडात कोंबती, मंग झोपती. एकडाव घुसमाटली व्हती. म्या म्हनलं, आगं, हितं कोन ऐकाया बसलंय? तर म्हनली, कोनबी आसंल."

आम्ही सोप्यात आलो. कमळी प्रवासानं दमून आईच्या कुशीत झोपली होती आणि झोपेत तिनं आईचा पदर मुठीत आवळून धरला होता. मंजुळा तो सोडवायला गेली. पोरीची मूठ सुटेना. ओढला तर पोरगी जागी होईल म्हणून तिनं हात काढून घेतला. भिंतीला टेकून ती जागं राहायची खटपट करत होती. डोळे मिटायचे, दचकून उघडायचे, पुन्हा मिटायचे. माझ्या डोळ्यांदेखत तिची मान कलली आणि तिला झोप लागली.

थोड्या वेळानं तिचे ओठ हलायला लागले.

मी उठले. तिच्या आईला हाताला धरून उठवलं, बाहेर आणलं आणि मागं दार लोटून घेतलं. आम्ही दोघी अंगणाच्या पार टोकाला, बैलांपाशी जाऊन उभ्या राहिलो. दोन तास ती झोपली होती. ती काय बोलली, मला माहीत नाही.